ब्र

रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी आणलं त्याला
लोफोटेनच्या बेटांवरून, छोट्या विमानानं.
कागदावर नाव आर्न्यूल्फ. वय अडुसष्ट.
उजवा हात शेजारी पडलेला, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा,
आणि तोंडातून ब्र नाही.

विमानात बायकोला जागा नव्हती.
गुडलाउगनं पाठकोऱ्या पावतीवर पेन्सिलीनं लिहून दिलं होतं:
अकराला दहा कमी असताना जाळ्याबद्दल काही सांगत होता,
वाक्य अर्धंच राहिलं.
डाव्या कानानं कमी ऐकतो. उजवीकडून बोला.

मी शिशाचा एप्रन चढवला.
सोळा वर्षं चढवते आहे,
आता त्याचं वजन घरी, भांडी घासतानाही खांद्यांवर असतं.
बाहेर ट्रोम्सोचा फेब्रुवारी,
बर्फ वरून नाही, खाडीकडून आडवा येत होता.
आत पडद्यावर त्याच्या मेंदूचं झाड:
काळं, निष्पर्ण,
आणि डावीकडची एक अख्खी फांदी
कुणी रबरानं खोडल्यासारखी.

डॉक्टर इंगेबोर्ग कामात असली की बोलत नाही.
जांघेत तांदळाच्या दाण्याएवढं छिद्र.
तिथून तार निघाली, पोटातून वर,
काळजावरच्या कमानीला वळसा घालून
मानेत.

सुतावरून स्वर्ग गाठणारे पुष्कळ पाहिलेत मी.
इथं सुतावरून फक्त एक गल्ली गाठायची असते,
दोन-अडीच मिलिमीटर रुंदीची,
आणि तीही माणसाकडे पाठ करून, पडद्याकडे बघत.

"हलू नका हं," मी उजव्या कानात म्हटलं.
कळलं की नाही, कोण जाणे.
डाव्या हातानं माझी दोन बोटं मात्र धरून ठेवली.

गुठळीच्या पार जाऊन जाळी उघडली.
आता पाच मिनिटं काही करायचं नाही.
जाळं टाकल्यावर थांबावं लागतं,
हे त्याला सांगायची गरज नव्हती.

त्या पाच मिनिटांत मला त्याचा अंगठा दिसला.
आतल्या बाजूला पांढरे, जुने, आडवे वण.
मीही त्याच बेटांवरची. हे वण मला वाचता येतात.
शाळा सुटली की मुलं धक्क्यावर पळतात,
कॉडची मुंडकी खिळ्यावर रोवतात
आणि सुरी फिरवून जीभ काढतात.
मासा मोठ्यांचा, जीभ पोरांची, असा रिवाज.
बादली भरली की तोलायची, मग घासाघीस.
दहा वर्षांचा असताना
हजारो मुक्या तोंडांतून त्यानं जिभा काढल्या असतील.
मीही काढल्यात.
तेव्हा वाईट वाटलं नव्हतं. आत्ताही नाही वाटलं.
फक्त हात गार पडले.

पहिल्या ओढीला काहीच आलं नाही.
इंगेबोर्ग पुटपुटली, शिवी असावी.
दुसऱ्या ओढीला
पांढऱ्या कापडावर मनुकेच्या सालीएवढं काहीतरी,
लालसर, ओलं, क्षुल्लक.
यानं एवढा माणूस बंद पाडला होता.
पडद्यावर फांदी हळूहळू भरत गेली
आणि मी भिंतीवरचं घड्याळ मोठ्यानं वाचलं: तीन वाजून चार.

"नाव काय तुमचं?"
काही नाही.
"उजवा हात उचला."
हात उचलला. थरथरत, अंगठा वाकवून,
मुठीत सुरी असावी तसा.
मग घसा खरवडत, स्वच्छ:
"किलोला एवढेच?"

मास्कमागे आम्ही हसलो.
इंगेबोर्ग पडद्याकडे वळली
आणि जरुरीपेक्षा जास्त वेळ तिकडेच बघत राहिली.

सगळं परत येत नाही. लगेच तर नाहीच.
सकाळी फोन त्याच्या उजव्या कानाला लावून मी उभी होते.
बायकोचं नाव शोधत होता.
ओठ जुळवले, सोडले, परत जुळवले.
शेवटी म्हणाला, "जाळं."
आणि आपण चुकलो हे त्याला कळलं, तेच सगळ्यात वाईट.

पलीकडे बराच वेळ फक्त वारा.
मग गुडलाउग म्हणाली,
"हं. जाळ्याचं काय?
रात्री अर्धंच सांगितलंस."